भाजी मार्केटचे मेहताजी आणि थोरल्या भावाने देऊ केलेले जिवाणू

रुग्णाचं वय 34. वाशीच्या एपीएमसी भाजी मार्केटमध्ये एका अडत्याच्या गाळ्यावर मेहताजी. रात्री गाळ्यावर पोचायचं, नाशिक-पुण्याकडच्या गाड्या लागल्या की माल मोजून घ्यायचा, पहाटे विक्री, मग शेतकऱ्यांच्या पट्ट्या लिहायच्या आणि सकाळी ऊन चढल्यावर घर गाठायचं. घर कोपरखैरण्यात, गाव जुन्नर तालुक्यात. त्यांच्या परवानगीने हे प्रकरण लिहीत आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. पुढे त्यांना मेहताजीच म्हणू.

जानेवारीत ते माझ्याकडे आले. गणपतीपासून संडासवाटे रक्त पडत होतं. दिवसाला सात-आठ वेळा जावं लागे, त्यातल्या निम्म्या वेळा नुसती आव आणि रक्त. कळ आली की थांबवत नसे. मार्केटमध्ये टेम्पोच्या रांगेतून स्वच्छतागृहापर्यंत पोचायला लागणारा वेळ त्यांना सर्वांत भीतिदायक वाटायचा, म्हणून ते पहाटेपर्यंत काही खायचेच नाहीत. वजन सहा किलो उतरलं होतं, हिमोग्लोबिन 9.4.

तोवर दोन ठिकाणी मूळव्याध म्हणून मलम आणि गोळ्या झाल्या होत्या. एका ठिकाणी अमिबा म्हणून ऑफ्लॉक्सासिन-ऑर्निडाझोल या प्रतिजैविकांची जोडगोळी. ती घेतल्यावर चार दिवस बरं वाटलं, त्यामुळे पुढे प्रत्येक वेळी त्रास वाढला की मेहताजी स्वतःच मेडिकलमधून तीच पट्टी आणत. सोबत मेडिकलवाल्याने दिलेल्या ‘चांगल्या जिवाणूंच्या’ कॅप्सूल.

मूळव्याधीतही रक्त पडतं, पण मूळव्याध माणसाला गाढ झोपेतून संडासला उठवत नाही. ‘रात्री उठावं लागतं का?’ हा प्रश्न त्यांना आधी विचारला गेला होता आणि त्यांनी ‘नाही’ असं खरं उत्तर दिलं होतं. रात्री ते जागेच असतात. ‘दुपारी झोपमोड होते का?’ असं विचारल्यावर पत्नीने मध्येच सांगितलं, ‘तीनदा उठतात, डॉक्टर.’

कोलोनोस्कोपीत गुदाशयापासून सलग वर डाव्या वळणापर्यंत, म्हणजे प्लीहेजवळच्या वळणापर्यंत, आतडं लाल, रक्तवाहिन्यांची जाळी पुसलेली, दुर्बिणीच्या स्पर्शाने रक्त येणारं. त्यापुढचं मोठं आतडं आणि लहान आतड्याचं टोक स्वच्छ. बायोप्सीत ग्रंथींची रचना बिघडलेली आणि त्यांत पू. निदान: अल्सरेटिव्ह कोलायटिस, म्हणजे मोठ्या आतड्याच्या अस्तराचा चिवट दाह, डाव्या बाजूचा, मध्यम तीव्रतेचा. आजाराची तीव्रता मोजणारा मेयो गुणांक 12 पैकी 8.

आपल्याकडे अशा वेळी क्षयरोगाचा विचार करावाच लागतो. पण आतड्याच्या क्षयाची आवडती जागा लहान आणि मोठ्या आतड्याचा सांधा, आणि क्षयाशी गोंधळ होतो तो प्रामुख्याने क्रोन्सचा. तोंडापासून गुदद्वारापर्यंत कुठेही, मध्ये मोकळ्या जागा सोडत, आतड्याच्या भिंतीत खोलवर जाणारा तो आजार. अल्सरेटिव्ह कोलायटिस गुदाशयातून सुरू होतो, सलग चढतो आणि आतल्या अस्तरापुरता राहतो. इथे चित्र स्पष्ट होतं. इतकी प्रतिजैविकं झाल्यामुळे सी-डिफची, म्हणजे प्रतिजैविकांनंतर फोफावणाऱ्या क्लॉस्ट्रिडिओइड्स डिफिसिल या जिवाणूच्या विषाची चाचणीही केली. ती निगेटिव्ह आली. शौचातलं कॅल्प्रोटेक्टिन 1,180 मायक्रोग्रॅम प्रति ग्रॅम. 250 च्या वर गेलं की आतड्यात दाह चालू आहे असं धरतात.

पहिले दहा आठवडे

आतड्याचा दाह कमी करणारं मेसालामिन तोंडाने रोज 4.8 ग्रॅम, शिवाय मेसालामिनचाच 4 ग्रॅमचा एनिमा रोज झोपताना. त्रास बराच असल्याने प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड 40 मिलिग्रॅमने सुरू करून दोन आठवड्यांनी दर आठवड्याला 5 ने उतरवत न्यायचं ठरलं. लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व. स्टेरॉइडने रक्त आठवड्याभरात थांबलं आणि मेहताजींचा चेहरा भरला, तो थोडा औषधानेही. मात्र डोस 10 वर आला तसं पुन्हा आव दिसू लागली. संडास दिवसाला तीन-चार वेळा, कॅल्प्रोटेक्टिन 410.

याच सुमारास त्यांच्या मेहुण्याने मोबाइलवर एक व्हिडिओ पाठवला. निरोगी माणसाची विष्ठा, मिठाचं पाणी, मिक्सर, गाळणी आणि एनिमाची पिशवी. घरच्या घरी ‘आतड्यातल्या जिवाणूंचा समतोल’ परत आणा. पुढच्या भेटीला चौघे आले: मेहताजी, पत्नी, मेहुणा, आणि टोमॅटोच्या टेम्पोतून रातोरात नारायणगावहून आलेले थोरले बंधू.

‘माझं घ्या डॉक्टर,’ दादा म्हणाले. ‘वर्षभरात एक गोळी खाल्लेली नाही. आमच्या घरात दगड पचवणारा मीच.’

कल्पना खुळी नाही

हसण्यावारी नेण्यासारखं हे नव्हतं. मल-प्रत्यारोपण, म्हणजे एफएमटी, हे गंभीर वैद्यकीय संशोधन आहे आणि त्याला जुना इतिहास आहे. अमेरिकेत डेन्व्हरच्या आइझमन यांनी 1958 मध्ये आतड्याच्या जीवघेण्या दाहाचे चार रुग्ण असे बरे केल्याचं नोंदवलं. 1989 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये बेनेट नावाच्या डॉक्टरांनी स्वतःच्याच अल्सरेटिव्ह कोलायटिसवर निरोगी दात्याच्या जिवाणूंचा एनिमा घेतल्याचं लिहिलं.

मागचं शास्त्रही पटण्यासारखं आहे. मोठ्या आतड्याच्या अस्तरातल्या पेशी आपली बहुतांश ऊर्जा रक्तातल्या साखरेतून घेत नाहीत, ब्युटिरेट नावाच्या आम्लातून घेतात. ते आम्ल तयार करतात फिकॅलिबॅक्टेरियम, रोझबुरिया यांसारखे जिवाणू, आपण न पचवलेल्या तंतूंपासून. ब्युटिरेट जाळताना पेशी ऑक्सिजन वापरून टाकतात, म्हणून आतड्याची पोकळी प्राणवायूविना राहते आणि हेच जिवाणू तिथे सुखाने नांदतात. दाह झाला की हे चक्र उलटं फिरतं. अस्तरातून ऑक्सिजन झिरपतो, ब्युटिरेटवाले मरतात आणि ई. कोलायच्या कुळातले, ऑक्सिजन चालणारे जिवाणू वाढतात.

मेहताजींनी हे ऐकून लगेच स्वतःच्या भाषेत आणलं: ‘म्हणजे जुना गाळेवाला उठला, आणि गाळा रिकामा दिसला म्हणून भलताच येऊन बसला.’

अगदी तसंच. पण मग नव्या गाळेवाल्याला आणून बसवण्याआधी जुना का उठला हे पाहावं लागतं. दाहामुळे समतोल बिघडतो, की समतोल बिघडल्याने दाह होतो, याचं उत्तर दोन्ही बाजूंनी ‘हो’ असं आहे. अस्तर जळत असताना वरून कितीही जिवाणू ओतले, तरी त्यांना राहायला लागणारी प्राणवायूविना जागाच तिथे उरलेली नसते.

आकडे

कॅनडात 75 रुग्णांवर झालेल्या 2015 च्या चाचणीत आठवड्याला एक असे सहा एनिमा दिले. एफएमटी मिळालेल्यांपैकी 24 टक्क्यांचा आजार शांत झाला, पाण्याचा एनिमा मिळालेल्यांपैकी 5 टक्क्यांचा. सुधारलेल्या 9 जणांपैकी 7 जणांना एकाच दात्याचं द्रव्य मिळालं होतं. दाता कोण, यावर इतकं अवलंबून! त्याच वर्षी नेदरलँड्समध्ये नाकातून नळी घालून दिलेल्या एफएमटीचा स्पष्ट फायदा दिसला नाही. ऑस्ट्रेलियात 2017 मध्ये आठवड्याचे पाच दिवस, आठ आठवडे एनिमा दिले. आजार शांत झाला तो एफएमटी मिळालेल्यांपैकी 27 टक्क्यांचा, दुसऱ्या गटात 8 टक्क्यांचा.

आपल्याला सर्वांत जवळचा अभ्यास दिल्लीच्या एम्सचा, 2022 चा. ग्रामीण भागातल्या अनेक दात्यांचं ताजं द्रव्य, कोलोनोस्कोपीतून आठवड्याला एकदा असं सात वेळा, आणि सोबत दाह कमी करणारा आहार. आठ आठवड्यांनी लक्षणं शांत झालेले 60 टक्के, नेहमीच्या उपचारांत 32. पुढे वर्षभर नुसता आहार चालू ठेवला, तेव्हा आतड्याचं अस्तरही बरं राहिलेले 24 पैकी 6 जण होते. दुसऱ्या गटात एकही नाही. मेहुण्याने ‘ग्रामीण दाते’ एवढं ऐकून दादाकडे बोट दाखवलं.

तर आकडे असे आहेत. फायदा खरा आहे, पण बहुतेक चाचण्यांत तो चारात एकाला ते तिघांत एकाला, तोही पुन्हा पुन्हा देऊन. मिक्सरच्या व्हिडिओत एकदाच देऊन माणूस दुसऱ्या दिवशी मिसळ खाताना दाखवला होता.

दादांची तपासणी

मी नकार देऊन त्यांना परत पाठवलं असतं तर मिक्सर घरी फिरला असता, हे चौघांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. म्हणून दात्याच्या निकषांप्रमाणे दादांची तपासणी करायची ठरली. गेल्या तीन महिन्यांत प्रतिजैविकं नाहीत, मधुमेह नाही, वजन योग्य, पोटाची तक्रार कधीच नाही. एचआयव्ही, कावीळ ब आणि क, सिफिलिस निगेटिव्ह. शौचात जंत-परजीवी नाहीत. मग शौचातले जिवाणू वाढवून पाहणाऱ्या कल्चरचा अहवाल आला: ईएसबीएल, म्हणजे प्रतिजैविकं निकामी करणारं विकर, तयार करणारा ई. कोलाय.

हा जिवाणू दादांना काहीही करत नव्हता. पण त्याच्यावर सेफॅलोस्पोरिनसारखी रोजची ताकदवान प्रतिजैविकं चालत नाहीत, आणि तो रक्तात शिरला तर पर्याय मोजके उरतात. 2019 च्या जूनमध्ये अमेरिकेच्या एफडीएने याच कारणासाठी इशारा काढला होता. प्रतिकारशक्ती कमी असलेल्या दोघांना एफएमटीतून असाच ई. कोलाय गेला आणि त्यांतला एक दगावला. दात्याचं द्रव्य त्या जिवाणूसाठी तपासलं गेलं नव्हतं. आपले मेहताजी तर स्टेरॉइडवर होते.

दादा नाराज झाले. ‘मी गोळ्याच खात नाही, मग हे आलं कुठून?’ हा जिवाणू पाण्यातून येतो, अन्नातून येतो, घरातल्या दुसऱ्या कुणाकडून येतो, आणि आपल्या देशात धडधाकट माणसांतही सहज सापडतो. ‘गावचं, शुद्ध’ असं पोट डोळ्यांना दिसत नाही, प्रयोगशाळेतच कळतं. तेही जे शोधायला सांगितलंय तेवढंच.

दुसरा दाता शोधायचा का? संशोधन म्हणून, आचारसमितीच्या देखरेखीखाली हे करणाऱ्या केंद्राकडे पाठवण्याची तयारी दाखवली. सात आठवडे, दर आठवड्याला कोलोनोस्कोपी, आधीच्या रात्री आतडं साफ करण्याचं औषध. गाळ्यावर दर आठवड्याला दोन रात्री खाडा कोण देणार? मेहताजींनीच तूर्त नको म्हटलं.

मेहुण्याचा शेवटचा प्रश्न होता, घरी येणाऱ्या किटने ‘गट मायक्रोबायोम’ तपासावा का? रंगीत आलेखांचा तो अहवाल बघायला छान असतो, पण त्यावरून औषध बदलावं असं त्यात काही नसतं. पैसे वाचवा म्हटलं.

खोक्यातले एनिमा

जाताना पत्नीला सहज विचारलं, एनिमाची नवी खोकी कधी आणली? ‘पहिलंच संपायचंय.’ दहा आठवड्यांत एकच खोकं, तेही अर्धं.

कारण सरळ होतं. चिठ्ठीवर ‘रात्री झोपताना’ लिहिलेलं. मेहताजी रात्री झोपत नाहीत. सकाळी घरी येतात तेव्हा एका खोलीत आई असते, शाळेत निघणारी मुलगी असते, शेजारी दार उघडंच असतं. सुट्टीच्या रात्री तेवढा घ्यायचे. शिवाय अंगदुखीसाठी आठवड्यातून दोन-तीनदा डायक्लोफेनॅक, आणि जरा पातळ झालं की ती जुनी ऑर्निडाझोलची पट्टी, हे चालूच होतं.

डाव्या बाजूच्या कोलायटिसमध्ये नुसत्या गोळ्यांपेक्षा गोळ्या अधिक एनिमा हे मिश्रण जास्त काम करतं, आणि एनिमाचं औषध नेमकं प्लीहेजवळच्या वळणापर्यंत पोचतं, म्हणजे मेहताजींचा आजार जिथे संपत होता तिथवर. माझ्या अनुभवात मराठी घरांत सर्वांत जास्त टाळलं जाणारं औषध हेच. तोंडाने वीस गोळ्या घेतील, पण खालून एक बाटली म्हटलं की लाज.

म्हणून त्या दिवशी नर्सने पडदा ओढून दाखवलंच. बाटली कोमट पाण्यात पाच मिनिटं ठेवायची, जोराने हलवायची कारण औषध तळाशी बसतं. डाव्या कुशीवर, डावा पाय सरळ, उजवा गुडघा पोटाशी. नळीला थोडं व्हॅसलिन, टोक बेंबीच्या दिशेने, बाटली सावकाश दाबायची आणि दाबलेलीच बाहेर काढायची, सोडली तर औषध परत ओढलं जातं. मग अर्धा तास त्याच कुशीवर, आणि तसंच झोपून जायचं. वेळ बदलली: सकाळी दहा, मुलगी शाळेत गेल्यावर. आईंनी स्वतःच सांगितलं, ‘मी तेवढा वेळ देवळात जाऊन येते.’

डायक्लोफेनॅक बंद, अंगदुखीला पॅरासिटामॉल. मेडिकलमधून प्रतिजैविक अजिबात नाही. आणि त्या जिवाणूंच्या कॅप्सूलही बंद केल्या. प्रोबायोटिकचा उपयोग होतच नाही असं नाही. भारतातच 147 रुग्णांवर झालेल्या 2009 च्या चाचणीत आठ जातींच्या एका मिश्रणाने बारा आठवड्यांत 42.9 टक्क्यांचा आजार शांत झाला, दुसऱ्या गटात 15.7 टक्क्यांचा. पण तिथला डोस 3.6 लाख कोटी जिवाणू, दिवसातून दोनदा. मेहताजींच्या कॅप्सूलमध्ये शे-पाचशे कोटी. तो चाचणीतला डोस रोज घ्यायचा तर पाकिटांचा खर्च त्यांच्या पगाराला झेपला नसता, आणि अमेरिकेतल्या पोटविकारतज्ज्ञांच्या संघटनेने 2020 च्या मार्गदर्शनात कोलायटिससाठी प्रोबायोटिक केवळ संशोधनातच द्यावं असं म्हटलं आहे.

आहारावर मात्र मनसोक्त वेळ घालवला, कारण हा माणूस रात्रभर भाजीच्या ढिगात बसून पहाटे वडापाव आणि दहा-बारा गोड कटिंग यांवर जगत होता. एम्सच्या आहारात गहू, दूध, साखर आणि कारखान्यात प्रक्रिया केलेले पदार्थ टाळून फळं, भाज्या आणि आंबवलेले पदार्थ वाढवले होते. ते तत्त्व घेऊन आम्ही घरचंच मांडलं. रक्त दिसतंय तोवर तंतू कमी: मऊ भात, मूगडाळीचं वरण, शिजवलेला दुधी किंवा लाल भोपळा साल-बिया काढून, केळं. रक्त थांबल्यावर हळूहळू ज्वारीची भाकरी, नाचणीची आंबील, ताक, उकडून गार केलेला बटाटा. गार झाल्यावर त्यातल्या पिष्टाचा काही भाग पचायला कठीण होतो आणि जिवाणूंपर्यंत पोचतो. डब्यात भाकरी-भाजी, चहा दोन, बिस्किटाचे पुडे आणि थंड पेयं नाहीत. पालेभाजी चिरून शिजवून. कच्चं, तिखट आणि मिसळ नंतर कधीतरी. ताक चाललं, दूध नाही चाललं, म्हणून दूध सोडलं.

सहा आठवड्यांनी संडास दिवसाला दोनदा, रक्त नाही. स्टेरॉइड पूर्ण बंद. सातव्या महिन्यात कॅल्प्रोटेक्टिन 85, हिमोग्लोबिन 12.8, आणि दुर्बिणीतून पाहिलं तर रक्तवाहिन्यांची जाळी परत दिसत होती. यात एनिमाचा वाटा किती आणि आंबिलीचा किती, हे एका रुग्णावरून वेगळं काढता येत नाही. माझा कौल एनिमाला; मेहताजींचा वडापाव सोडण्याला.

दाढ

पावसाळ्यात दाढ सुजली. दंतवैद्यांनी अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलनेट दिलं, ते गरजेचंच होतं, पू झाला होता. तीन आठवड्यांनी जुलाब परत, दिवसाला दहा वेळा, ताप. मेहुण्याचं म्हणणं, कोलायटिस उलटला, स्टेरॉइड सुरू करा.

आधी शौच तपासलं. सी-डिफ पॉझिटिव्ह. आतड्याचा दाह असलेल्यांना हा संसर्ग इतरांपेक्षा जास्त होतो, आणि तो उलटलेल्या कोलायटिससारखाच दिसतो. चाचणी न करता स्टेरॉइड दिलं असतं तर प्रकरण रुग्णालयात भरती होण्यापर्यंत गेलं असतं. व्हॅन्कोमायसिन 125 मिलिग्रॅम तोंडाने दिवसातून चार वेळा, दहा दिवस. हे औषध आतड्यातून रक्तात जवळजवळ शिरत नाही, तिथेच काम करतं. चौथ्या दिवशी ताप गेला, दोन आठवड्यांत पोट पूर्वपदावर आलं.

एफएमटीचा सर्वांत भक्कम पुरावा याच जिवाणूसाठी आहे, कोलायटिससाठी नाही. 2013 मध्ये नेदरलँड्सच्या चाचणीत वारंवार उलटणाऱ्या सी-डिफमध्ये एका प्रत्यारोपणाने 16 पैकी 13 जण बरे झाले, नुसत्या व्हॅन्कोमायसिनने 13 पैकी 4. फरक इतका स्पष्ट होता की चाचणी लवकर थांबवली. अमेरिकेत 2022 आणि 2023 मध्ये मान्यता मिळालेली मल-जिवाणूंची दोन तयार औषधं तीही सी-डिफ उलटू नये म्हणूनच.

सध्या मेहताजी तोंडाने मेसालामिन 2.4 ग्रॅम आणि आठवड्यातून दोनदा एनिमा घेतात. दर तीन-चार महिन्यांनी कॅल्प्रोटेक्टिन. दंतवैद्य असोत की घरचे डॉक्टर, प्रतिजैविक लिहिलं गेलं की सुरू करण्याआधी मला फोन करायचा, एवढी अट आहे. कोलायटिस स्टेरॉइड लागण्याइतका पुन्हा उसळला, तर पुढची पायरी प्रतिकारशक्ती दाबणारं अझाथायोप्रिन, आधी एनयूडीटी-15 ही जनुकीय चाचणी करून, कारण आपल्या लोकांत या औषधाने पांढऱ्या पेशी एकदम घसरण्याचं प्रमाण दुर्लक्ष करण्यासारखं नाही. किंवा क्षयाची तपासणी करून बायोलॉजिक औषध. सी-डिफ पुन्हा पुन्हा उलटला, तर एफएमटीसाठी केंद्राकडे पाठवायचं, तिथल्या तपासलेल्या दात्याकडून. दादांनी मध्यंतरी विचारलं होतं, पुन्हा कल्चर करून बघू का म्हणून. तूर्त गरज नाही असं कळवलं आहे.